वाढदिवस दिवेलागणीच्या आत

या महिन्याच्या टपालात मुलांच्या वाढदिवसाविषयीची पत्रे इतकी आली आहेत की, स्वयंपाक, शिवण आणि आरोग्य यांसंबंधीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवून हे सदर या वेळी संपूर्णपणे याच विषयाला द्यावे, असे ठरवले. पत्रे बहुतेक खेड्यांतून आलेली आहेत. वाढदिवस लेकराचा असतो, परंतु त्याची वेळ, त्याचे पाहुणे आणि त्याचा थाट मोठी माणसे स्वतःच्या सोयीने ठरवतात, ही तक्रार त्यांपैकी बहुतेक पत्रांत कुठे ना कुठे डोकावते. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. आमची मुलगी येत्या नोव्हेंबरात 7 वर्षांची होईल. गेल्या वर्षी आम्ही तिचा वाढदिवस मोठ्या हौसेने केला. मंडप, डीजे, चौकात फ्लेक्स आणि तालुक्याहून मागवलेला 3 किलोंचा केक, असा अकरा हजारांवर खर्च झाला. कार्यक्रम सातचा ठेवला होता, परंतु बोलावलेली प्रतिष्ठित मंडळी येईपर्यंत साडेनऊ वाजले. तोवर मुलगी मोठ्या आईच्या मांडीवर झोपून गेली होती. तिला उठवून, ती रडत असतानाच, तिच्या हाताने केक कापावा लागला. यंदा कापूस वेचणी ऐन भरात असेल आणि आमच्याजवळ चार हजारांपेक्षा जास्त पैसा नाही. आळीतली पंचवीस-तीस लेकरे तर येणारच. हिचे बाबा म्हणतात, साधेपणाने केले तर लोक नावे ठेवतील. लेकरांना खरोखर मजा यावी, असा वाढदिवस कसा करावा?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, मुलगी मांडीवर झोपून गेली होती, ही आपल्या पत्रातील ओळ मी दोनदा वाचली. यंदाची सगळी आखणी त्या ओळीपासूनच सुरू करावी. शाळेत जाणारे सात वर्षांचे लेकरू रात्री आठनंतर जागे असले तरी आनंदात नसते, ते नुसते थकलेले असते, आणि त्या वेळी समोर कितीही मोठा केक आणून ठेवला तरी त्याला त्याचे काहीच वाटत नाही. म्हणून सारा कार्यक्रम उजेडात आणि दिवेलागणीच्या आत उरकेल, असा ठेवावा. नोव्हेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा तारीख कोणतीही असो, तिच्याजवळचा रविवार धरावा आणि लेकरांना दुपारी तीन वाजता बोलवावे. वेचणीच्या दिवसांत आईबाप शेतात असतात आणि धाकटी भावंडे थोरल्या बहिणीच्या अंगावर टाकलेली असतात. त्या थोरल्या मुलींनाही ही दुपार मोकळी मिळेल. ज्या गावांत आठवडी बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते, तिथे बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यानंतरची वेळही चालेल. मोठी मंडळी शेतातून परत येऊन हातपाय धुऊन येतील, तेव्हा त्यांच्यासाठी औक्षण, चहा आणि मूठभर चिवडा एवढेच ठेवावे. त्यांना निरोप देतानाच स्पष्ट सांगावे की औक्षण बरोबर साडेपाचला आहे आणि ते कोणासाठीही थांबणार नाही. जो उशिरा येईल, त्याला चहा मिळेल. लेकराला मात्र त्याच्यासाठी ताटकळत बसवू नये.

खेड्यात निमंत्रितांची यादी करता येत नाही, कारण चार लेकरांना बोलावले की आळीतील सगळी येतात, आणि अंगणाच्या फाटकाशी उभ्या असलेल्या लेकराला परत पाठवणे कोणत्याही आईला जमत नाही. तेव्हा तीसच धरून चालावे. एवढी लेकरे एका वेळी एकच खेळ खेळू शकत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे. वाढदिवस विस्कटतो तो बहुधा इथेच, कारण पाच वर्षांचे लेकरू आणि बारा वर्षांचा मुलगा यांना एका रांगेत उभे केले की धाकटे रडते आणि थोरला कंटाळून ढकलाढकली सुरू करतो. चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलामुलींना आदल्या दिवशीच बोलावून कामे वाटून द्यावीत. कोणी बिल्लसची, म्हणजे ठिकरीच्या लंगडीची, घरे आखील, कोणी गुण मांडील, कोणी धाकट्यांचा हात धरून त्यांना खेळात नेईल. या वयाच्या मुलांना जबाबदारी दिली की ती आपल्यापेक्षा अधिक शिस्तीने ती पार पाडतात, हा माझा शाळेतील अनेक वर्षांचा अनुभव आहे.

आता खेळांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण पैसा कमी असताना मन लावायचे ते इथेच. लेकरे एकदम येत नाहीत, अर्धा तास एकेक करून येत राहतात, आणि त्या अर्ध्या तासात काही करण्यासारखे नसेल तर पहिल्यांदा आलेली मुले कंटाळतात. त्यासाठी अंगणाच्या एका भिंतीचा तुकडा पांढरा करून ठेवावा आणि एका परातीत गेरू कालवून ठेवावा. येणाऱ्या प्रत्येक लेकराने आपला पंजा भिंतीवर उमटवावा आणि शेजारी खडूने नाव लिहावे. पाऊस येईपर्यंत ती भिंत तशीच राहील आणि आपली मुलगी रोज ती नावे वाचील. सगळी जमली की धावण्याचे खेळ घ्यावेत, कारण अंगातली रग जिरल्याशिवाय लेकरे बसून काहीच ऐकत नाहीत. लगोरीसाठी सात चपट्या ठिकऱ्या आणि चिंध्यांचा चेंडू पुरतो. रबरी चेंडू घेऊ नये, तो तोंडावर बसतो. लगोरीच्या एका डावात थोरल्यांचे दोन गट खेळत असताना पलीकडे धाकट्यांसाठी कापूस फुंकण्याची शर्यत लावावी. प्रत्येकापुढे कापसाचा एक पुंजका ठेवायचा आणि हात न लावता, नुसते फुंकून, तो अंगणाच्या एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत न्यायचा. कापूस वाऱ्याने भलतीकडे जातो आणि लेकरे त्याच्यामागे गुडघ्यांवर रांगत हसत सुटतात. या शर्यतीला खर्च काहीच नाही आणि पहिला नंबर कोणाचा, याकडे कोणाचे लक्षही राहत नाही.

संगीत खुर्ची खेळायची असेल तर तिचा नियम थोडा बदलावा, असे मी आग्रहाने सुचवते. नेहमीच्या नियमात जो हरतो तो बाहेर बसतो, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत लाजरे लेकरू सर्वांत आधी बाहेर जाते आणि उरलेला वेळ नुसते बघत राहते. त्याऐवजी खुर्च्या न मांडता पोती अंथरावीत, गाणे थांबले की सगळ्यांनी पोत्यांवर यायचे, आणि दर फेरीला एक पोते काढून घ्यायचे, लेकरू मात्र एकही काढायचे नाही. शेवटी तीन पोत्यांवर पंधरा मुले एकमेकांना धरून उभी राहतात आणि मग सगळीच एकदम कोसळतात. गाण्यासाठी मोबाइल आणि लहान स्पीकर पुरेसा आहे.

त्यानंतर गुप्तधनाचा शोध ठेवावा. कोडी लिहिलेल्या पाच-सहा चिठ्ठ्या घरात आणि अंगणात लपवाव्यात. प्रत्येक कोड्याचे उत्तर म्हणजे पुढची चिठ्ठी लपवलेली जागा. 'दगडाचे तोंड, दगडाचेच पोट, खाते दाणे आणि ओकते पीठ' असे लिहिले की लेकरे जात्याकडे धावतील. 'सकाळी पाणी पिते, सांजेला दिवा बघते' म्हटले की तुळशीपाशी जातील, आणि 'दोन चाके आहेत पण पेट्रोल लागत नाही, ओढणारे दोघे, पण भाडे मागत नाहीत' म्हटले की बंडीपाशी. कोडी आबाजींकडून, म्हणजे मुलीच्या आजोबांकडून, करून घ्यावीत, त्यांनाही या कार्यक्रमात स्वतःची अशी जागा मिळेल. शेवटी सापडणारे धन म्हणजे संत्र्यांनी भरलेली टोपली असावी. नोव्हेंबरात आंबिया बहाराचा संत्रा बाजारात असतोच आणि त्यातून प्रत्येक लेकराच्या हातात एक फळ पडते.

चिठ्ठ्या लपवताना मात्र विहीर, पाण्याचे उघडे टाके, मोटारीच्या स्टार्टरची पेटी आणि फवारणीचे सामान ठेवलेली खोली यांच्या आसपासही एक चिठ्ठी जाऊ देऊ नये. हंगामात कीटकनाशकांच्या बाटल्या, मापे आणि पंप गोठ्यात किंवा ओसरीच्या कोपऱ्यात पडलेले असतात. ते सर्व आदल्या दिवशी कुलपात टाकावे आणि औषधाचा रिकामा डबा, कितीही धुतलेला असला तरी, पाण्यासाठी किंवा खेळासाठी मुळीच वापरू नये. दुसरी गोष्ट कापसाची. त्या दिवसांत वेचलेला कापूस घरातच, कधी तर आढ्यापर्यंत, भरलेला असतो. अशा खोलीत किंवा ओसरीवर मेणबत्ती, ठिणग्या उडवणारी फुलबाजीची मेणबत्ती आणि फेसाचा स्प्रे यांना थारा देऊ नये. बाजारात मिळणाऱ्या फेसाच्या डब्यांत फवारा उडावा म्हणून बहुधा ब्युटेन किंवा प्रोपेन भरलेला असतो, म्हणजे आपल्या सिलिंडरमध्ये असतो तोच ज्वालाग्राही वायू, आणि पेटत्या मेणबत्तीसमोर तो उडवला की क्षणात भडका होतो. जत्रेत गॅसचे फुगे म्हणून विकले जाणारे फुगेही पुष्कळदा हायड्रोजनचे असतात आणि तोही पेट घेतो. औक्षणाचा दिवा अंगणात, कापसापासून दूर लावावा आणि तेवढा एकच दिवा पुरे मानावा.

खाण्याचे सांगायचे तर तीस लेकरांना दोन किलो आलू आणि सव्वा किलो बेसनात पन्नासेक लहान आलूबोंडे होतात, त्यात मिरची कमी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरपूर घालावा. जोडीला मुरमुऱ्याचा चिवडा आणि संत्र्याच्या फोडी असल्या की पुरे. केक तालुक्याहून आणण्याऐवजी घरी रव्याचा करावा. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तेल आणि एक वाटी संत्र्याचा रस एकत्र करून अर्धा तास ठेवावे, मग एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून तूप लावलेल्या डब्यात ओतावे. कुकरच्या तळाशी मिठाचा थर देऊन, शिटी आणि रबरी रिंग काढून, तो दहा मिनिटे तापू द्यावा आणि मग डबा आत ठेवून मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटे भाजावे. सुरी खुपसून ती कोरडी निघाली म्हणजे केक झाला. तीस लेकरांसाठी असे दोन केक लागतील. ते आदल्या रात्री करून ठेवले तरी चालते, आणि क्रीम नसल्यामुळे ते उतरण्याची भीती नाही. वाढायला पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण घ्यावेत. थर्माकोलची सजावट, प्लास्टिकच्या ताटल्या, पेले आणि चमचे, तसेच फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहेच, आणि दिवाळीनंतर झेंडूची फुले आपल्याकडे सहज मिळतात, तेव्हा सजावटीला आंब्याची पाने आणि झेंडू यांपलीकडे काही लागत नाही.

राहिला प्रश्न लोक काय म्हणतील याचा. हिच्या बाबांना ही काळजी वाटते, यात मला काही गैर दिसत नाही. आपल्या लेकीचे कौतुक गावाने पाहावे, असे कोणत्या बापाला वाटत नाही? परंतु त्या कौतुकाची जागा फ्लेक्सवरून अंगणात आणता येते. लगोरीच्या डावात त्यांनी स्वतः उतरावे, सातही ठिकऱ्या लेकरांदेखत रचाव्यात, पोत्यांच्या खेळात शेवटी कोसळणाऱ्या लेकरांत तेही असावेत. वाढदिवसांच्या फोटोंत बाबा केकमागे हात बांधून उभे असलेले मी शेकडो वेळा पाहिले आहेत, खेळात धावणारे बाबा मात्र फार क्वचित दिसतात, आणि लेकरू मोठे झाल्यावर आठवण सांगते ती धावणाऱ्या बाबांचीच. डीजेचे म्हणाल तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवण्यास 2000 सालच्या नियमांनी मनाई आहेच, शिवाय त्याच्या आवाजात लेकरांना एकमेकांचे बोलणेही ऐकू येत नाही. मंडप, डीजे आणि फ्लेक्स वगळल्यावर आपले चार हजार पुरून उरतील. उरलेल्या पैशांत प्रत्येक लेकराला जाताना एक भवरा आणि दोरी द्यावी, आणि ती सगळ्यांना सारखीच द्यावी, पहिल्या-दुसऱ्या नंबराला वेगळे बक्षीस ठेवू नये.

प्रश्न : सौ. ताईस अनेक आशीर्वाद. माझा नातू 2023 सालच्या अधिक श्रावणात जन्मला. सूनबाई म्हणतात तारखेने वाढदिवस करू, मला वाटते तिथीने व्हावा. पण अधिक महिन्यातली तिथी दरवर्षी येणार कशी? आमच्या पिढीत कोणाचा वाढदिवस होत नसे, माझी तर शाळेतली जन्मतारीखही गुरुजींनी 1 जून लावून दिलेली आहे. नातवाचे मात्र सगळे नीट व्हावे, असे वाटते.
— एक आजी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : आजी, आपल्याप्रमाणेच 1 जून ही जन्मतारीख असलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोईची तारीख लिहिली, तीच जन्मभराची झाली. म्हणूनच नातवाची तिथीही चुकू नये, ही आपली तळमळ मला समजते. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे 354 दिवसांचे असते, म्हणून तिथी दरवर्षी तारखेच्या साधारण अकरा दिवस मागे सरकते, आणि हे अंतर भरून काढण्यासाठी बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास येतो. तिथी आणि तारीख यांचा मेळ सुमारे 19 वर्षांनी पुन्हा बसतो. अधिक श्रावण 2004 साली होता आणि त्यानंतर 2023 साली आला, यावरून हे ध्यानात येईल. अधिक मासात जन्मलेल्या बाळासाठी एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यातील तीच तिथी धरण्याचा प्रघात आहे, तेव्हा आपण श्रावणातील ती तिथी खुशाल धरावी.

परंतु यात सासू-सुनेने एकमेकींशी वाद घालण्याचे मला काही कारण दिसत नाही. तिथीच्या दिवशी सकाळी न्हाऊ घालून आपण औक्षण करावे, गोडाचा घास भरवावा, आणि सूनबाईंनी तारखेच्या जवळच्या रविवारी लेकरांना खेळायला बोलवावे. या वयाच्या लेकराला दोन वेळा ओवाळून घ्यायला आवडतेच. श्रावणात पाऊस असतो, म्हणून खेळ ओसरीवरच होतील असे धरावे, आणि श्रावण अमावास्येला पोळा व दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा येतो, तेव्हा लाकडी नंदीबैल आधीच काढून लेकरांनी तो मातीच्या रंगांनी रंगवावा, त्याच्या गळ्यात फुलांची माळ घालून ओसरीभर मिरवावा, हा या वयाला सर्वांत शोभणारा खेळ होय.

एक काळजी मात्र आपणच घ्यावी, कारण कार्यक्रमाच्या गडबडीत तरुण मंडळींचे तिकडे लक्ष राहत नाही. चार-पाच वर्षांच्या आतील लेकरांच्या हाती आख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा गोळ्या देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. फुग्यांचेही तसेच आहे. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा लेकराने तोंडात घातला तर तो घशात चिकटून बसतो आणि बोटाने निघत नाही, म्हणून आठ वर्षांच्या आतील मुलांना फुगे स्वतः फुगवू देऊ नयेत आणि फुटलेले तुकडे त्याच क्षणी उचलावेत. दहापेक्षा जास्त लेकरे बोलवू नयेत आणि तासाभरात सारे आटोपावे.

प्रश्न : आमच्या मुलाचा वाढदिवस 20 मे रोजी येतो. तेव्हा इथे पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि त्याचे निम्मे मित्र मामाच्या गावी गेलेले असतात. आमचे गाव जंगलाला लागून आहे. पहाटे अर्धे गाव तेंदूपत्त्याला जाते, त्यामुळे सकाळचा कार्यक्रमही जमत नाही. काय करावे?
— एक वडील, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : मित्र गावी नसतील तर वाढदिवस जुलैपर्यंत पुढे ढकलणे, हा मला सर्वांत चांगला उपाय वाटतो. मुलाला आधी विश्वासात घेऊन सांगितले तर तो आनंदाने वाट पाहतो. मे महिन्यातच करायचा असेल तर साडेपाचनंतर दाट चिंचेच्या सावलीत बैठे खेळ, कोडी आणि गाण्याच्या भेंड्या सुरू कराव्यात आणि उन्हे कलल्यावरच धावू द्यावे. मोठ्या माठात थंड पाणी, कैरीचे पन्हे आणि ताक ठेवावे, आणि पाणी मागेपर्यंत न थांबता दर डावानंतर सगळ्यांना पाजावे. क्रीमचा केक आणूच नये. शिजवलेले किंवा दुधाचे पदार्थ 32 अंशांवरच्या उष्णतेत तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नयेत, आणि आपल्याकडे तर वीजही केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. मोठे टरबूज उभे कापून त्यावर पुदिन्याची पाने आणि डाळिंबाचे दाणे लावावेत, वाढदिवसाच्या मुलाने तेच कापावे.

जंगलालगतच्या गावी अंधार पडण्यापूर्वी लेकरे आपापल्या घरी पोहोचली पाहिजेत, वाघ-बिबट्यांचा वावर असलेल्या भागात याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. साडेसहाच्या आत खेळ थांबवावा आणि दोन मोठ्या माणसांनी सगळ्यांना एकत्र, घरोघरी पोहोचवून यावे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. काही पालक वाढदिवसाला वर्गात पेस्ट्री आणि महागडी चॉकलेटे वाटतात. ज्यांच्या घरी हे शक्य नाही, ती मुले त्या दिवशी शाळेतच येत नाहीत, असे दोनदा घडले. नियम करून बंदी घालावी का?
— एक शिक्षिका, गोंदिया जिल्हा

उत्तर : बाई, बंदी घातली तर ज्याचा वाढदिवस आहे त्या लेकराला उगाच अपराध्यासारखे वाटेल. त्याऐवजी महिन्यातील शेवटच्या शनिवारी त्या महिन्यात जन्मलेल्या सर्व मुलांचा वाढदिवस एकत्र करावा. फळ्यावर त्यांची नावे रंगीत खडूंनी लिहावीत, त्यांना वर्गाने ओवाळावे आणि प्रत्येकाविषयी वर्गमित्रांनी एकेक चांगली गोष्ट सांगावी. ही गोष्ट आपण आधी मुलांकडून लिहून घ्यावी, म्हणजे एखाद्याच्या वाट्याला काहीच आले नाही, असे होणार नाही. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, त्यामुळे मे आणि जूनमध्ये जन्मलेली मुले वर्षानुवर्षे राहून जातात. त्यांच्यासाठी जुलैत पहिला कार्यक्रम आवर्जून ठेवावा.

ज्या पालकांना खर्च करायचाच आहे, त्यांना तिथीभोजनाचा मार्ग दाखवावा. पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत वाढदिवस किंवा सणाच्या निमित्ताने गावकऱ्यांनी शाळेतील सर्व मुलांना विशेष जेवण किंवा पूरक आहार द्यावा, अशी सोय आहे. हे मुख्याध्यापकांना आधी सांगून करावे, जेवण ताजे असावे आणि आधी मोठ्यांनी चाखावे. एका श्रीमंत घरच्या पेस्ट्रीपेक्षा साऱ्या शाळेला मिळालेला गरम मसालेभात आणि कढी लेकरांना फार आवडते. पंगतीत ज्याच्या निमित्ताने हे जेवण आहे, त्याने स्वतः वाढावे, एवढे मात्र पाहावे.

प्रश्न : ताई, मी पाचवीत आहे. माझ्या वाढदिवसाला मला फक्त चार मैत्रिणी पाहिजेत. आई म्हणते सगळ्यांना बोलवावे लागते. सगळे आले की मला ओवाळताना सगळे माझ्याकडे बघतात आणि मला रडू येते. मी काय करू?
— एक मुलगी, वर्धा जिल्हा

उत्तर : बाळा, तू हे लिहून पाठवलेस, हे फार चांगले केलेस. खूप माणसे आपल्याकडे बघू लागली की पुष्कळ लेकरांना रडू येते, मीही तुझ्याएवढी असताना औक्षणाच्या वेळी आईच्या पदरामागे लपत असे. आईचे म्हणणेही खोटे नाही, कारण आळीतल्या लोकांना न बोलावणे तिला अवघड जाते. तेव्हा तिला असे सांग की सकाळी फक्त घरातल्यांनी ओवाळावे, दुपारी तुझ्या चार मैत्रिणींनी येऊन तुझ्यासोबत जेवावे आणि खेळावे, आणि संध्याकाळी आईने आळीत घरोघरी तिळगुळासारखा थोडा थोडा शिरा पाठवावा. शिऱ्याच्या वाट्या घेऊन तू आणि मैत्रिणींनी जावे. मग सगळ्यांकडे तुझा वाढदिवस पोहोचेल आणि कोणी तुझ्याभोवती गोळा होणार नाही. हे पत्र आईला वाचून दाखव, आणि त्या चौघींची नावे आजच तिला सांग.